नायगावच्या पाटलांची लेक

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगाव हे गाव आहे. शिरवळपासून फार लांब नाही. या गावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी मुलगी जन्मली. तिचे नाव सावित्री. पुढे अवघा महाराष्ट्र तिला सावित्रीबाई फुले म्हणून ओळखू लागला.

दर ३ जानेवारीला आपल्या गावच्या शाळेत त्यांच्या फोटोला हार पडतो. मुली नऊवारी नेसून भाषणे करतात. मुलींच्या शाळेतील पहिल्या शिक्षिका एवढे आता पोराटोरांनाही पाठ झाले आहे. पण आपण तिथेच थांबतो. बाईने घराबाहेर पाऊल टाकावे की नाही, नवरा गेल्यावर तिने कसे दिसावे, मूल झाले नाही तर तिचे काय करावे, अंत्ययात्रेत तिने कुठे थांबावे, अशी रोजच्या जगण्यावरची बंधने या शेतकऱ्याच्या लेकीने एकेक करून मोडली. सांगून कमी, करून दाखवून जास्त.

शेतकरी बंधू-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. नवे बियाणे चांगले आहे असे कृषी खात्याने शंभर वेळा सांगितले तरी कोणी ऐकत नाही. शेजारच्या रानात प्रात्यक्षिकाचा प्लॉट डोळ्यांनी बघितला की मग पिशवी कुठे मिळते म्हणून लोक विचारत येतात. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी आपल्या घराचाच प्रात्यक्षिकाचा प्लॉट केला होता. त्यांचे चरित्र वाचताना हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

नऊ वर्षांची नवरी

१८४० मध्ये सावित्रीचे लग्न झाले. नवरी नऊ वर्षांची, नवरा तेरा वर्षांचा. त्या काळी हे कोणाला वावगे वाटत नव्हते. फुले घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. पुण्यात फुलांचा धंदा करता करता गोऱ्ह्यांचे फुले झाले. जोतीरावांचे वडील गोविंदराव कष्टाळू माणूस, पण रूढीला धरून चालणारे. आईविना वाढलेल्या जोतीरावांचा सांभाळ मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी केला होता.

सावित्रीबाई सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी शिकवायला सुरुवात केली. सगुणाबाईही सोबत शिकल्या. बाई शिकली तर नवऱ्याला मरण येते, तिने वाढलेल्या अन्नात किडे पडतात, अशा समजुती तेव्हा घरोघर होत्या. शिकण्याची बंदी कायद्यात कुठे लिहिलेली नव्हती. ती माणसांच्या मनात होती, म्हणूनच मोडायला जास्त अवघड होती. पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले. अहमदनगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल या मिशनरी बायांची नावे त्यासाठी घेतली जातात.

शाळेची वाट

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या.

आज आपली मुलगी सायकलवर तालुक्याला जाते, बसचा पास काढते. तेव्हा घरापासून शाळेपर्यंत पायी जाणे हेच मोठे धाडस होते. बाई रोज ठराविक वेळी, ठराविक रस्त्याने, घरकामासाठी नव्हे तर नोकरीसारख्या कामासाठी बाहेर पडते, हे लोकांना सहन होईना. रस्त्यात शिव्या, अंगावर शेण, चिखल, कधी दगड. त्या शाळेत जाताना सोबत एक जादा लुगडे ठेवत, शाळेत गेल्यावर घाण झालेले बदलत, अशी आठवण त्यांच्याबद्दल सांगितली जाते. आता बघा, शेण टाकणाऱ्यांचा राग अभ्यासावर नव्हता. बाई आपल्या पायाने, आपल्या कामाला, कोणाची परवानगी न घेता चालली आहे, हा त्यांचा राग होता.

दबाव घरातही आला. गोविंदरावांवर भाऊबंदांचे आणि समाजाचे ओझे पडले आणि १८४९ मध्ये त्यांनी मुलाला व सुनेला घर सोडायला लावले. शाळा बंद करा नाहीतर बाहेर पडा, असा तो पेच होता. दोघे नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडले. उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. त्याच घरच्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या.

१८५२ पर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या. महार, मांग या समाजांतील मुलामुलींसाठी निराळ्या शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शिक्षणकार्याबद्दल सत्कार केला. शाळांचे फळही लवकरच दिसले. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. तिने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या पत्रात छापून आला. पेरणी झाल्यावर सात वर्षांत असे पीक हाती यावे, ही साधी गोष्ट नाही. सावित्रीबाईंचा स्वतःचा काव्यफुले हा कवितासंग्रह १८५४ मध्ये निघाला होता.

माहेरचा वाद

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. १८५६, १८६८ आणि १८७७ अशी त्यांची सालं. या पत्रांतून खेड्यातली सावित्रीबाई दिसते, म्हणून गावकऱ्यांनी ती मुद्दाम वाचावीत.

१८५६ मध्ये त्या आजारी पडून नायगावला माहेरी आल्या होत्या. भावाने सेवा केली, पण बोलताना त्याने मनातली सल काढलीच. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही दोघांनी कुळाला बट्टा लावला, जातीच्या रीतीने वागावे, असे त्याचे म्हणणे. आजारी बहिणीने ते निमूट ऐकून घेतले नाही. अंथरुणावरूनच त्याचा एकेक मुद्दा खोडून काढला. आईला लेकीचे म्हणणे पटले आणि भावालाही पुढे पश्चात्ताप झाला. सासरच्या बंधनापेक्षा माहेरच्या मायेचे बंधन बाईला जास्त जखडते, हे आपल्या घराघरातले सत्य आहे. सावित्रीबाईंनी माया ठेवली, बंधन ठेवले नाही.

१८६८ सालचा प्रसंग याहून कठीण. गावात पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील एक मुलगी यांचे जुळले होते. मुलीला दिवस गेले होते. गावाला कळले तेव्हा दोघांना मारत, वाजतगाजत गावातून फिरवले आणि ठार मारायची तयारी चालली. सावित्रीबाई तेव्हा नायगावात होत्या. त्या धावत गेल्या, मध्ये पडल्या आणि खून केला तर इंग्रज सरकारचा कायदा काय करील याची जमावाला जाणीव करून दिली. दोघांचे जीव वाचले. त्यांना गाव सोडावे लागले तेव्हा बाईंनी पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. एकटी बाई, माहेरचे गाव, समोर खवळलेले आपलेच लोक. अशा वेळी मध्ये पडणे म्हणजे काय, हे ज्याने गावची भांडणे मिटवली आहेत त्या पोलीस पाटलांना आणि तंटामुक्ती अध्यक्षांना विचारा.

त्याच वर्षी पुण्यातल्या घराचा पाण्याचा हौद फुले दांपत्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. पाणी भरणे हे बाईचे काम. त्यामुळे पाणवठ्यावरची बंदी सगळ्यात जास्त सोसली ती दलित बाईने, हे विसरता येत नाही.

विधवांचे घर

आता सर्वांत अवघड विषयाकडे येऊ. त्या काळी बालविवाह सर्रास. साथीच्या रोगांत माणसे पटापट मरत. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या पोरी विधवा होत. ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत अशा मुलीचे केस काढत, एका वेळेचे जेवण देत, सणासुदीला समोर येऊ देत नसत आणि दुसरे लग्न तर नाहीच. कुणबी, माळी आदी जातींत पाट लावण्याची रीत होती, पण विधवेला अपशकुनी मानणे सगळीकडेच होते.

अशा मुलीला घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाने फसवले आणि दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच वाटा. विहीर जवळ करायची, नाहीतर बाळाचा जीव घ्यायचा. पुण्यात जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिच्यावर हाच प्रसंग आला. तिने बाळ मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला.

या घटनेने फुले दांपत्य हादरले. १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, नाव कोणाला कळणार नाही, अशा जाहिराती पुण्यात भिंतींवर लावल्या. बाळंतपणे सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली होत. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले आहे की तोपर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांतली पाचच मुले जगली होती. गर्भ पाडण्यासाठी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली. या दोन आकड्यांवरून त्या बायांचे काय हाल झाले असतील ते कळते.

विधवांचे केस काढण्याविरुद्धही आवाज उठला. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरले. रूढी मोडायला शास्त्री-पंडितांची वाट बघावी लागत नाही. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने तो खाली ठेवला तरी काम भागते.

आपल्या घरात केले

फुले दांपत्याला मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून घरच्यांनी आग्रह धरला. आजही मूल नाही म्हटल्यावर बोट आधी सुनेकडेच जाते. जोतीरावांनी दुसरी बायको करायला साफ नकार दिला. १८७४ मध्ये काशीबाई नावाची दुसरी एक विधवा त्यांच्या गृहात बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत या दोघांनी दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला आपला वारस ठरवले. विधवेचे मूल म्हणून ज्याला जग नाव ठेवणार होते, ते यांच्या घरचा वारस झाले.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय, हुंड्याशिवाय, थोडक्या खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्यात सावित्रीबाई पुढे होत्या. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न हडपसरच्या ससाणे घराण्यातल्या राधेशी, म्हणजे सासरच्या लक्ष्मीशी, याच पद्धतीने झाले. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला घरी राहायला आणले होते. घर कसे आहे, माणसे कशी आहेत ते मुलीने बघावे, एवढाच हेतू. आज बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला पोहे घेऊन खाली मान घालून उभी करतात. त्यापेक्षा ही रीत शहाणपणाची नाही का?

दुष्काळ आणि शेतकरी

जोतीराव स्वतः शेतीतले जाणकार. पुण्याजवळ मांजरीला त्यांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत केली आणि शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ १८८३ मध्ये पूर्ण केला. सावित्रीबाईंनाही शेतकऱ्याचे दुःख परके नव्हते. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात ओतूरला गेल्या. एप्रिल १८७७ च्या पत्रात त्यांनी करपलेली शिवारे, चाऱ्याविना मेलेली जनावरे आणि गाव सोडून निघालेली माणसे यांची हकिगत कळवली आहे. सावकारांशी झालेल्या झगड्यातून सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड झाली तेव्हा त्या थेट कलेक्टरशी बोलल्या आणि कार्यकर्त्यांची सुटका झाली. अन्नछत्रे चालवणे, पोरक्या मुलांच्या पोटाची सोय लावणे ही कामे त्यांनी उभी केली. पदर डोक्यावर असलेली एक बाई कलेक्टरपुढे उभी राहून गावाची बाजू मांडते, ही गोष्ट १८७७ सालची आहे.

हातातले टिटवे

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंद आडवे आले. टिटवे धरणारा तो वारस, अशी रीत. यशवंत दत्तक, म्हणून त्याचा हक्क मानायला ते तयार नव्हते. सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवे स्वतःच्या हातात घेतले, नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे चालल्या आणि अग्नी दिला. बायकांनी स्मशानात पाऊल टाकू नये म्हणणाऱ्या समाजात ही घटना घडली. त्या घरी कोपऱ्यात बसल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे चालवले आणि १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषवले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. यशवंत सैन्यात डॉक्टर होते. आईने त्यांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या पोराला शिवायलाही त्या काळी लोक तयार नव्हते. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

गावाने काय करावे

चरित्र इथे संपते. पण गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. नंतर बऱ्याच गावांनी ठराव केले. ठराव इतिवृत्तात लिहिणे सोपे आहे. खरी कसोटी तेराव्याला लागते. दुःखात बुडालेल्या बाईच्या हाताला धरून बांगड्या फोडायला चार बाया पुढे येतात तेव्हा सरपंच, पोलीस पाटील किंवा घरातला कोणी जाणता माणूस आडवा होतो का? आणि पुढच्या संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचे बोलावणे जाते का?

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. पेरणी, खुरपणी, काढणी, दुधाची धार, यात बाईचा हात आधी. उताऱ्यावर नाव मात्र बाप्याचे. म्हणून विमा, कर्ज, अनुदान यांच्या कागदावर ती शेतकरीच ठरत नाही, आणि नवरा गेला की तिला वारसनोंदीसाठी दिराच्या तोंडाकडे बघावे लागते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची योजना आणली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी पक्का केला. तरी भाऊबीजेची साडी देऊन बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेणे चालूच आहे. गावातली घरे नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा शासन निर्णय २००३ चा आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये किती घरे दोघांच्या नावावर आहेत, हे एकदा मोजून बघावे.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असे कायदा सांगतो. ती रजिस्टरवर सह्या गोळा करून भरते की खरोखर बाया बसून बोलतात? निम्म्या जागा महिलांना असून खुर्चीवर पतिराजच बसत असतील, तर बाईच्या वाटेवर शेण टाकायची गरजच उरली नाही. ती घरातून निघालीच नाही.

सावित्रीबाईंकडे ना कायदा होता, ना अनुदान, ना आरक्षण. आपल्याकडे तिन्ही आहे. येत्या ३ जानेवारीला हार जरूर घालावा. पण त्याआधी घरातल्या कारभारणीचे नाव उताऱ्यावर लावण्यासाठी तलाठी भाऊसाहेबांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, रीतसर अर्ज द्यावा. ज्या गावात अशी दहा घरे पुढे येतील, तिथे बाकीची आपोआप बघायला येतील. प्रात्यक्षिकाचा प्लॉट असाच चालतो.